पाचव्या प्रश्नाचे उत्तर

नैराश्य तपासण्यासाठी दिल्या जाणाऱ्या नऊ प्रश्नांच्या छापील कागदावरील पाचव्या प्रश्नापाशी मी दोन वेळा थांबले. दोन वेगवेगळ्या दवाखान्यांत आणि आठ महिन्यांच्या अंतराने. गेल्या दोन आठवड्यांत भूक मंदावली आहे का, किंवा जास्त खाल्ले जाते आहे का, असा तो प्रश्न. पहिल्या वेळी मी ‘मुळीच नाही’ या रकान्यात खूण केली. ते उत्तर खोटे होते आणि खूण करतानाच मला ते ठाऊक होते. झोप लागत नाही, कशात मन रमत नाही, आपण कुचकामी आहोत असे वाटते, हे सगळे मी त्या कागदावर प्रामाणिकपणे कबूल केले; फक्त खाण्याविषयी खरे सांगणे मला जमले नाही. त्या एका खुणेमुळे माझे खरे उपचार आठ महिने लांबले.

मी २००४ साली राज्य शासनाच्या सेवेत लिपिक म्हणून लागले आणि आता दक्षिण मुंबईतील एका कार्यालयात सहायक कक्ष अधिकारी आहे. मुलुंडला राहते. घरी पती, दहावी झालेला मुलगा आणि सासूबाई आहेत. या लेखात मी वजनाचे, कमरेचे किंवा उष्मांकांचे आकडे मुद्दाम दिलेले नाहीत, कारण माझ्यासारखा खाण्याचा आजार असलेली व्यक्ती असे आकडे वाचून स्वतःशी तुलना करू लागते आणि त्या तुलनेने तिचे नुकसानच होते. मीही अनेक वर्षे तेच केले आहे.

या आजाराची सुरुवात नेमकी केव्हा झाली ते सांगता येत नाही, पण तो वाढला अधिवेशनांच्या काळात. विधिमंडळाचे अधिवेशन सुरू झाले की तारांकित प्रश्नांची उत्तरे, लक्षवेधी सूचनांवरील निवेदने, कपात सूचनांची माहिती यांसाठी रात्री दहा-अकरापर्यंत थांबावे लागते, क्षेत्रीय कार्यालयांकडून आकडे मागवावे लागतात आणि ते येईपर्यंत जागचे हलता येत नाही. अशा दिवसांत दुपारचा डबा तसाच राहत असे. संध्याकाळी सर्वांसाठी वडापाव किंवा पुलाव मागवला जाई तेव्हा मी चार घास खाऊन ‘मला पुरे’ म्हणत असे, आणि सहकारी माझ्या संयमाचे कौतुक करत. त्यानंतर सीएसएमटीला गाडी पकडण्यापूर्वी मी स्थानकाबाहेरून खारी, फरसाण, क्रीमची बिस्किटे आणि असेल ते गोड विकत घेत असे. रात्रीच्या महिलांच्या डब्यात गर्दी नसते. मी कोपऱ्यातील खिडकीशी बसून, चव न कळता, घाईघाईने, पोट दुखेपर्यंत ते सगळे संपवत असे. सायन येईपर्यंत अर्धे झालेले असे. थांबावे असे मनात येई, पण हात थांबत नसे, आणि त्या पंधरावीस मिनिटांत कार्यालय, घर, उद्याचा दिवस यांपैकी काहीच आठवत नसे. खरे सांगायचे तर तेवढाच वेळ मनाला शांतता होती. मुलुंडला उतरल्यावर कागद आणि पिशव्या फलाटावरील कचरापेटीत टाकून मी घरी जात असे आणि कोणाला संशय येऊ नये म्हणून सासूबाईंनी झाकून ठेवलेले ताटही जेवत असे.

दुसऱ्या दिवशी उपवास. आपल्याकडे उपवास करणाऱ्या बाईला कोणी का म्हणून विचारत नाही. उलट तिचा मान वाढतो. सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी आणि नवरात्राचे नऊ दिवस असे करत माझ्या महिन्यातील निम्मे दिवस न जेवण्याचे झाले होते. माझी श्रद्धा खोटी होती असे मी म्हणणार नाही. पण आदल्या रात्रीचे प्रायश्चित्त म्हणून मी देवाचे नाव पुढे करत होते, हे आज मला स्पष्ट दिसते. दिवसभर काही न खाता राहिले की संध्याकाळी पुन्हा तोच प्रसंग ओढवे, आणि तो माझ्या दुबळ्या मनाचा पुरावा आहे असे मी समजत असे.

नैराश्य याच्या जोडीने आले की आधीपासून होते, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. रविवारची संध्याकाळ नकोशी होऊ लागली. सुट्टीच्या दिवशी अंघोळ दुपारपर्यंत राहू लागली. कार्यालयात एखादे टिपण चार वेळा वाचूनही त्यातील मागणी काय आहे ते कळत नसे, आणि माझ्या कार्यविवरण नोंदवहीतील प्रलंबित प्रकरणे आठवड्यागणिक वाढत गेली. एका आढावा बैठकीत एका वरिष्ठांनी सर्वांसमोर सांगितले, “यांचं कॅन्टीनला जाणं बंद करा, फाइली आपोआप हलतील.” सगळे हसले. मी त्या वर्षात एकदाही कॅन्टीनमध्ये गेले नव्हते, लोकांसमोर खायची मला लाज वाटे. त्या दिवसापासून मी माझा डबाही टेबलावर उघडेनाशी झाले.

चाळिशीनंतरच्या वैद्यकीय तपासणीत माझी तीन महिन्यांची सरासरी साखर ६.१ आली, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. तपासणी करणाऱ्या डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितले, आहाराचा एक छापील तक्ता दिला आणि पुढच्या व्यक्तीला आत बोलावले. त्यांचे वैद्यकीयदृष्ट्या काही चुकले नाही. पण त्या तपासणीत रक्त, लघवी, हृदयाचा आलेख आणि डोळे पाहिले गेले. मी कशी खाते, हे कोणी विचारले नाही. मी तो तक्ता आणखी कडक केला, दिवसाचे सोळा तास काही खायचे नाही असे ठरवले आणि दोन महिन्यांत रात्रीचे प्रसंग आठवड्यातून एकदोनवरून चार-पाचवर गेले.

याच सुमारास पतींच्या आग्रहाने मी पहिल्या डॉक्टरांकडे गेले आणि तो कागद भरला. उत्तरांवरून त्यांनी मध्यम स्वरूपाचे नैराश्य असल्याचे सांगितले व गोळ्या सुरू केल्या. नैराश्यावरील काही औषधांनी वजन वाढू शकते हे मी कुठेतरी वाचले होते. त्या भीतीने मी तीन आठवड्यांत कोणालाही न सांगता गोळ्या बंद केल्या. चार दिवस चक्कर येत राहिली, चिडचिड झाली आणि मग सगळे पूर्ववत झाले. मी खाण्याविषयी सांगितले असते तर डॉक्टरांनी औषध निवडताना त्याचा विचार केला असता. माहिती मीच दडवली होती, त्यामुळे त्यांना दोष देता येत नाही.

मार्चमध्ये, अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या शेवटच्या आठवड्यात, एका रात्री मी सीएसएमटीच्या फलाटावर बसून राहिले आणि दोन गाड्या सोडल्या. हातात खाऊची पिशवी होती आणि ती उघडण्याचेही बळ नव्हते. आपण नसलो तर घरच्यांचे बरे होईल, असा विचार त्या रात्री प्रथमच इतक्या शांतपणे मनात आला, आणि त्या शांतपणाचीच मला भीती वाटली. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा क्रमांक आमच्या कार्यालयाच्या फलकावर लावलेला होता. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ही विनामूल्य सेवा चोवीस तास चालते आणि तिथे मराठीत बोलता येते. मी फोन लावला. पलीकडच्या बाईंनी माझे नाव विचारले नाही. मी कुठे आहे, सोबत कोणी आहे का, जीव देण्याचा विचार मनात आहे का, हे त्यांनी सरळ शब्दांत विचारले, आणि मग म्हणाल्या, “आज जेवलात का?” आपण दिवसातून दहा वेळा एकमेकांना हा प्रश्न विचारतो. मला त्याचे उत्तर देता आले नाही, मी फलाटावर बसून रडले. त्यांनी पतींना फोन करायला सांगितले, ते येईपर्यंत माझ्याशी बोलत राहिल्या आणि दुसऱ्याच दिवशी मानसोपचार विभागात जाण्याचे माझ्याकडून कबूल करून घेतले.

दुसऱ्या दिवशी आम्ही एका सार्वजनिक रुग्णालयात गेलो. केसपेपरची रांग, मग विभागाबाहेरचे बाक, मग तोच नऊ प्रश्नांचा कागद. या वेळी पाचव्या प्रश्नापुढे मी ‘जवळजवळ रोज’ अशी खूण केली. समोरच्या तरुण डॉक्टर बाईंनी बाकीची बेरीज नंतर केली, आधी त्या प्रश्नावर बोट ठेवले. भूक कमी झाली आहे की जास्त खाल्ले जाते? किती वेळात? थांबायचे ठरवले तर थांबता येते का? भूक नसतानाही खाता का? कोणी पाहू नये म्हणून एकट्याने खाता का? नंतर स्वतःची किळस वाटते का? खाल्ल्यावर उलटी काढता का, जुलाबाच्या गोळ्या घेता का? शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरे नकारार्थी होती, आधीच्या सगळ्यांची उत्तरे माझ्या त्या रात्रींकडेच बोट दाखवत होती. पतींना त्यांनी त्याआधी बाहेर बसायला सांगितले होते, म्हणूनच मी बोलू शकले. त्या कागदावरील सत्तावीसपैकी एकवीस गुणांचे, म्हणजे तीव्र, नैराश्य आणि त्यासोबत बिंज ईटिंग डिसऑर्डर, म्हणजे अनियंत्रित अतिखाण्याचा विकार, असे निदान झाले.

त्या नावाने मला किती हलके वाटले हे सांगणे कठीण आहे. सरासरी आठवड्यातून एकदा तरी, सलग तीन महिने असे प्रसंग घडत असतील आणि नंतर ते भरून काढण्यासाठी उलटी किंवा तत्सम उपाय केले जात नसतील, तर हे निदान होते, असे त्यांनी समजावून सांगितले. अल्बर्ट स्टंकार्ड या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाने असे खाणे १९५९ मध्येच नोंदवले होते. पण अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत त्याला स्वतंत्र आजार म्हणून जागा मिळाली ती २०१३ मध्ये. म्हणजे मी नोकरीला लागले तेव्हा त्या पुस्तिकेत हा स्वतंत्र आजारच नव्हता. इतकी वर्षे मी ज्याला हावरटपणा म्हणत होते, त्याला वैद्यकशास्त्रातही स्वतंत्र आजाराची जागा उशिराच मिळाली होती.

नैराश्य आणि खाणे यांचा संबंध मला तेव्हाच्या दोन बैठकांत कळला. उदास मनाला दुसरे कोणतेच सुख उरलेले नसते, म्हणून ते अन्नाकडे वळते. खाल्ल्यानंतर अपराधीपणा येतो. त्यापोटी उपास घडतो. उपाशी शरीर पुढच्या वेळी आणखी जोराने अन्न मागते, आणि प्रत्येक फेरीत स्वतःविषयीचे मत आणखी खाली जाते. यात मला सर्वांत नवी वाटलेली गोष्ट उपाशी राहण्याविषयीची होती. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास केला होता. ते स्वेच्छेने आलेले, मनाने धडधाकट निवडलेले तरुण होते. तरीही त्यांच्यापैकी अनेक जण उदास आणि चिडखोर झाले, रात्रंदिवस अन्नाचाच विचार करू लागले, आणि पोटभर अन्न मिळू लागल्यावर काहींना खाणे आवरता येईना. मानसशास्त्रज्ञ बाईंनी मला हे सांगितले तेव्हा मी बराच वेळ गप्प बसले. माझे उपवास, माझा सोळा तासांचा नियम आणि माझ्या रविवारच्या संध्याकाळी हे सगळे एकाच दोरीत ओवलेले होते. अतिखाणे आणि नैराश्य यांचा हा योग केवळ माझ्या वाट्याला आलेला नाही. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय पाहणीत या विकाराचे प्रमाण आयुष्यभरात स्त्रियांमध्ये ३.५ टक्के आणि पुरुषांमध्ये २ टक्के आढळले, आणि अशा व्यक्तींपैकी जवळपास पाचांतील चौघांना आणखी किमान एक मनोविकार कधी ना कधी झालेला होता. आपल्याकडे २०१५-१६ मध्ये बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने केलेले राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण बारा राज्यांत झाले. त्यांत महाराष्ट्र नव्हता.

औषध म्हणून फ्लुओक्झेटिन सुरू झाले. ते नैराश्यासाठी आहे आणि बुलिमिया या दुसऱ्या खाण्याच्या विकारातही वापरले जाते. पहिले दहा दिवस मळमळ होत राहिली. गुण यायला काही आठवडे लागतील हे आधीच सांगितल्यामुळे या वेळी मी गोळ्या सोडल्या नाहीत. चौथ्या आठवड्यात एका सकाळी मुलाशी बोलताना मी हसले, तेव्हा त्यानेच ते लक्षात आणून दिले.

पण माझ्या दृष्टीने खरा उपचार होता तो वहीचा आणि वेळेचा. दर आठवड्याला मानसशास्त्रज्ञ बाईंशी तासभर बोलणे, आणि मधल्या दिवसांत एका वहीत प्रत्येक खाणे त्या त्या वेळी लिहायचे: किती वाजता, कुठे, काय, ताबा सुटल्यासारखे वाटले का, आणि त्याच्या आधी काय घडले. शेवटचा रकाना मला सर्वांत जड गेला. दुसरा नियम असा, की दिवसातून तीन वेळा जेवण-न्याहारी आणि दोन-तीन वेळा मधले खाणे झालेच पाहिजे, दोन खाण्यांमध्ये चार तासांहून अधिक अंतर पडता कामा नये, मग भूक असो वा नसो आणि आदल्या रात्री काहीही झालेले असो. जास्त खाणाऱ्या बाईला आणखी खायला सांगतात, याचा मला रागच आला. मात्र पाच आठवड्यांनी आम्ही वही उलटली तेव्हा अकरा प्रसंगांपैकी नऊ प्रसंग दुपारचा डबा न खाल्लेल्या दिवशी घडलेले होते. उरलेल्या दोन्ही दिवशी माझ्या शरीरावरून कोणीतरी काहीतरी बोलले होते.

शासनाने दुपारी एक ते दोन या वेळेत अर्ध्या तासाची जेवणाची सुट्टी ठरवून दिलेली आहे. ती घेणे हा माझ्या उपचारांचा भाग आहे, हे मला स्वतःला पटवायला जेवढा वेळ लागला तेवढा वरिष्ठांना पटवायला लागला नाही. नवे कक्ष अधिकारी फक्त एवढेच म्हणाले, “मॅडम, दीड ते दोन तुमच्याकडे कोणी येणार नाही.” त्यांनी कारण विचारले नाही, आणि मी ते आजवर विसरलेले नाही.

मधल्या काळात मी ४५ दिवसांची परिवर्तित रजा घेतली. आम्हा शासकीय कर्मचाऱ्यांना वर्षाला २० दिवस अर्धवेतनी रजा मिळते. वैद्यकीय प्रमाणपत्रावर ती पूर्ण वेतनाच्या रजेत बदलून घेता येते, पण खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात, म्हणजे माझे ९० दिवस गेले. त्याचे दुःख नव्हते. अडचण होती ती प्रमाणपत्राच्या नमुन्यातील आजाराच्या नावाची. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हा २०१८ पासून लागू आहे आणि त्याच्या २३व्या कलमाने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. ते बंधन उपचार करणाऱ्यांवर आहे. प्रमाणपत्र मात्र मीच माझ्या हाताने आस्थापना शाखेत देणार होते, आणि तिथून ते किती टेबलांवरून फिरते हे वीस वर्षांच्या नोकरीत मला चांगले ठाऊक झाले आहे. डॉक्टरांनी काय लिहू, असे विचारले तेव्हा मी म्हणाले, “नैराश्य लिहा, खाण्याचं लिहू नका.” दोन्ही आजार माझेच, दोन्ही खरे, पण त्यांतल्या एकाची लाज मला अजून जास्त होती. डॉक्टरांनी तसे लिहिले. रजा मंजूर झाली आणि परतताना कामावर रुजू होण्यास योग्य असल्याचे प्रमाणपत्र मी जोडले. शाखेत थोडी कुजबुज झाली. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने “सरकारी नोकरीत कसलं डिप्रेशन?” असे विचारले. त्याला उत्तर देण्याइतकी मी तेव्हा सावरलेली नव्हते. आज विचारले तर अधिवेशनाच्या रात्री, रिक्त पदांमुळे एकाच टेबलावर आलेली तीन टेबलांची कामे, बढती, बदली, वाढदिवस, निवृत्ती अशा प्रत्येक निमित्ताने पुढे येणारी समोशांची बशी आणि ती घेतली तरी व नाही घेतली तरी होणारी शेरेबाजी, हे सगळे मी त्याला शांतपणे सांगेन.

घरी सर्वांत अवघड बोलणे सासूबाईंशी होते. वर्षभर तरी कोणताही उपवास करू नका, असे डॉक्टरांनी बजावले होते. मी ते सांगितले तेव्हा त्या संकष्टीसाठी साबुदाणा भिजत घालत होत्या. त्यांनी कारण विचारले आणि मी प्रथमच रेल्वेच्या डब्यातील रात्रींविषयी त्यांना सांगितले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “तुझ्या वाटणीचा उपास मी धरते. तू जेव.” तेव्हापासून संकष्टीच्या दिवशीही माझा पोळीभाजीचा डबा त्याच भरून देतात, आणि रात्री उशीर झाला तरी माझे ताट झाकून न ठेवता मी आल्यावर सोबत बसतात.

वैद्यकीय तपासणीच्या अर्जात खाण्याच्या सवयींविषयीचे दोन आणि मनाविषयीचे दोन प्रश्न असावेत, असे निवेदन मी आमच्या कर्मचारी संघटनेच्या पदाधिकाऱ्यांकडे दिले आहे. साखर ६.१ येण्यामागे काय आहे ते विचारायला दोन मिनिटेही लागत नाहीत, आणि माझ्याबाबतीत त्या दोन मिनिटांनी बरेच काही वाचले असते. माझ्यानंतर शाखेतील दोघे जण माझ्याकडे हळूच चौकशी करून गेले. त्यांतील एक पुरुष आहे.

मी पूर्ण बरी झाले आहे असे लिहिणार नाही. गेल्या चार महिन्यांत दोन प्रसंग घडले, दोन्ही मी वहीत लिहिले आणि दोन्हींच्या दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारी केली. गोळीची मात्रा कमी करायची की नाही याचा निर्णय पुढच्या तपासणीत होणार आहे. ती तपासणी नेमकी पावसाळी अधिवेशनाच्या पहिल्या आठवड्यात येते. पूर्वी मी ती पुढे ढकलली असती. या वेळी त्या दिवसासाठी अर्ध्या दिवसाच्या किरकोळ रजेचा अर्ज मी कालच दिला आणि कारणाच्या रकान्यात ‘मानसोपचार विभागात तपासणी’ असे लिहिले.